वाळेपर्यंत दाबून ठेवावे

तीर्थरूप आत्या,

एखादा माणूस ‘थोडंसं दुखतंय’ म्हणाला, तर त्याला नेमकं किती दुखत असतं? मला माहीत नाही. दीड वर्ष मी पगार घेऊन लोकांना हेच विचारते आहे, तीनशे बारा माणसांची उत्तरं माझ्या वहीत लिहिलेली आहेत, आणि तरीही मला माहीत नाही. (पत्राची सुरुवात नमस्काराने करायची असते, हे मला ठाऊक आहे. पण हा प्रश्न रांग मोडून पुढे घुसला, त्याला मी काय करू?) तर आता वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? उजवा जास्त दुखतो की डावा? जिना चढताना की उतरताना? शून्य ते दहामध्ये सांगायचं झालं तर... राहू दे, ही माझी सवयच झाली आहे, आणि दुर्दैवाने या पत्राचा विषयही तीच सवय आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे आई बरी आहे. मी हिंडतेफिरते आहे. बाबांविषयी पुढे लिहिते. हे वाक्य वाचून लगेच घाबरू नकोस, सावकाश घाबरायला पुढे भरपूर जागा आहे.

मी नक्की काय काम करते हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. मागे तू कुणाला तरी ‘ती दवाखान्यात चिकटपट्ट्या लावते’ असं सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. ते चूक नाही, पण आपल्या घराण्यातली पहिली पदवी त्या वाक्यात कुठेच बसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे दुर्बिणीतून ऑपरेशनं होतात. पोट उघडत नाहीत, दोन-तीन बारीक भोकं पाडतात आणि त्यांतून नळ्या घालून आतलं काम उरकतात. माणूस दुसऱ्या दिवशी घरी जातो. पण भोक बारीक म्हणून दुखणं बारीक, असा काही हिशोब शरीरात नसतो. आतून सगळं सुजलेलं असतं. गोळ्या दिल्या तर पुष्कळांच्या पोटात आग पडते. म्हणून आमचे सर (ते सर्जन आहेत, पण सगळे सरच म्हणतात) एक पॅच देतात. हातरुमालाची चार घडी घातल्यावर होतो तेवढा. त्यात सूज उतरवणारं औषध असतं. जखमेच्या बाजूच्या धड कातडीवर तो चिकटवायचा, दिवसातून एकदा बदलायचा, औषध कातडीतून हळूहळू आत जातं. कोणाला याने किती आराम पडतो, हे सरांना मोजायचं आहे. मोजायचं काम माझं. सकाळ-संध्याकाळ मी प्रत्येकाला विचारते : शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तर तुमचं किती? आणि तो आकडा वहीत लिहिते. घरी गेलेल्यांना फोन करून विचारते.

आणखी एक गोष्ट मी केली, आणि तिचा मला गर्व होता. पॅच कसा वापरावा याचं माहितीपत्रक आधी होतं, पण ते वाचून पॅच आपण लावायचा आहे की पॅचने आपल्याला, हेच कळत नव्हतं. मी ते नव्याने लिहिलं. आठ सूचना, एकही अवघड शब्द नाही. ‘त्वचा’ लिहावं की ‘कातडी’ यावर मी दोन दिवस घालवले. (शेवटी ‘कातडी’ लिहिलं. सरांनी नाक मुरडलं, पण सही केली.) लोकांना साध्या भाषेत समजावून सांगितलं की लोक शहाण्यासारखे वागतात, यावर माझा पूर्ण विश्वास होता. आत्या, तू मला लहानपणी ‘बावळट’ म्हणायचीस. तेव्हा मला राग यायचा.

आता बाबा. अडतीस वर्षं वह्या-पुस्तकं बांधून बांधून, कागदाची रिमं उचलून आणि शिकंज्याचा दांडा फिरवून (वरून स्क्रू आवळून पुस्तकं दाबायचं ते आपल्या दुकानातलं लोखंडी धूड, तुला काय सांगायचं, तू त्याच्याजवळच वाढलीस) त्यांना हर्निया झाला होता, हे तुला माहीत आहे. तुला हे माहीत नाही की दोन वर्षं ते खोकताना जांघेशी हात धरत होते, आणि बांधणीच्या कापडाचा एक पट्टा शिवून आतून बांधत होते. पट्टा सुंदर होता. कडा दुमडलेल्या, दुहेरी शिलाई. मी डोकं आपटून घेतल्यावर ते ऑपरेशनला तयार झाले, आणि ऑपरेशनही झक्क झालं. अडचण सुरू झाली ती नंतर, आणि ती सुरू केली सरांच्या चांगुलपणाने.

सर रुग्णांना समजावून सांगतात. (हे त्यांनी माझ्या आग्रहाने सुरू केलं. याचाही मला गर्व होता.) त्यांनी बाबांना कागदावर चित्र काढून दाखवलं, की पोटाची भिंत इथे विरली होती, तिथे आम्ही आतून एक जाळी लावली आहे. जाळी म्हटल्याबरोबर बाबा उशीवरून उठून बसले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, न कण्हता. “म्हणजे पुस्तकाच्या कण्याला आम्ही जाळीचं कापड लावतो तसं? पुठ्ठा सांध्यातून सुटू नये म्हणून?” सरांना ही उपमा इतकी आवडली की ते म्हणाले, “अगदी तसंच!” मग बाबांनी विचारलं की चिकटवलीत कशाने. सर म्हणाले, दोन-तीन टाके आहेत, बाकी शरीर आपोआप तिला धरून घेतं, पण पक्की व्हायला सहा आठवडे लागतात. बाबांनी मान हलवली. ती मान मी लहानपणापासून ओळखते. गिऱ्हाईक ‘उद्या द्या’ म्हणतं आणि खळ तर अजून ओली आहे, अशा वेळी ते अशीच मान हलवतात. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी सरांकडे कौतुकाने बघत होते. डॉक्टर आणि बाइंडर एकमेकांशी आपापल्या धंद्याच्या भाषेत बोलताहेत, अशा जगासाठीच तर मी शिकले, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं.

दहा पॅच आणि माझं माहितीपत्रक घेऊन आम्ही घरी आलो. पहिला पॅच मी स्वतः लावला. दुसऱ्या दिवसापासून मला कामावर जायचं होतं, आणि बाबा म्हणाले की एवढं तर मी चिकटवीन, आयुष्यभर दुसरं काय केलं? बरोबरच होतं. शहरात चिकटवण्याच्या बाबतीत बाबांचा हात कोण धरणार? मी रोज सकाळ-संध्याकाळ आकडा विचारायचे, आणि आकडे असे उतरत गेले की बघत राहावं : सहा, पाच, चार, चार, तीन, दोन. वहीत मी त्याची रेघ काढली तेव्हा ती इतकी सुरेख आली की सरांनी ती मोठी करून भिंतीवर लावली. महिनाअखेर बाहेरगावच्या डॉक्टरांची सभा होती, तिथे ही रेघ दाखवून मी चार मिनिटं बोलायचं ठरलं. मी! आईने ही बातमी गल्लीत एका दुपारात संपवली.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. दोन आकडा सांगणारा माणूस काठोकाठ भरलेली बादली घेऊन चालल्यासारखा चालत होता. खुर्चीत बसताना तो आधी खुर्चीची समजूत घालायचा. आणि आत्या, बाबा हसत नव्हते. तुला माहीत आहे, ते स्वतःच्या विनोदावर समोरच्याच्या आधी हसतात. ते विनोद करत होते, पण हसत नव्हते. आई म्हणाली, “हसायला पोट लागतं गं.” मला ते वाक्य फार छान वाटलं. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवलं. त्याचा अर्थ मात्र लावला नाही. पदवीने एवढं तर माझं नक्की केलं आहे की वाक्य चांगलं असलं की मी ते लिहून घेते.

नवव्या दिवशी माझे फोन लवकर उरकले आणि मी दुपारीच घरी आले. दुकानाचा दरवाजा आतून लोटलेला होता. ढकलला. समोर कापायच्या मोठ्या टेबलावर बाबा उताणे झोपलेले, डोळे मिटलेले, दोन्ही हात सरळ. त्यांच्या पोटावर एक जाड पुठ्ठा. पुठ्ठ्यावर शब्दकोशाचे दोन खंड, वाचनालयाचे, बांधायला आलेले. आणि पुठ्ठा न् पोट यांच्या मध्ये एक मेणकागद, चिकटू नये म्हणून. शेजारी स्टुलावर आई घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवत बसलेली, तिच्या मांडीवर घड्याळ. मला आधी वाटलं, बाबा गेले. मी किंचाळले. बाबांनी डोळे न उघडता मला गप्प राहायची खूण केली, कारण हलल्याने वजन सरकतं.

मी खंड उचलले. (एकेक खंड चांगला तीन किलोचा असेल. शब्दांचं एवढं वजन असतं हे मला नुसत्या वाचण्याने कधी कळलं नव्हतं.) आईने तेवढ्यात आपली बाजू मांडून घेतली, “मी अर्ध्या तासाच्या वर कधी ठेवू दिलं नाही हं.” बाबांचं म्हणणं असं की चिकटवलेली कुठलीही गोष्ट वाळेपर्यंत दाबून ठेवावी लागते, हे पोरासोरांनाही कळतं. नाहीतर मध्ये हवा राहते, फुगवटा येतो, आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक पुस्तक परत आणतं. सर ‘अगदी तसंच’ म्हणाले होते. मग सरांनी दाबायचं का सांगितलं नाही? “विसरले असतील. मोठ्या माणसांना बारीक गोष्टी कुठे लक्षात राहतात?” सरांना ओशाळं वाटू नये, म्हणून बाबांनी त्यांना विचारलंही नव्हतं.

मग मी पॅच बघायला गेले. आत्या, आता जरा बसून घे. बाबांनी पॅच कापला होता. एकाचे तीन, पट्टी लावून, सुरीने, रेसभर फरक नाही, कोपरे गोल मारलेले. भोकं तीन आहेत म्हणून पट्ट्या तीन. आणि त्या बाजूच्या धड कातडीवर नव्हेत, तर फाटलेल्या पानावर लावतात तशा थेट जखमांवर. संध्याकाळी पट्टीची कड सुटली तर ती फेकायची नाही, तिला मागून खळ लावून पुन्हा बसवायची. पोटावर सगळीकडे लाल पुरळ. दहातले सहा पॅच डब्यात जसेच्या तसे, वर चिठ्ठी : ‘शिल्लक’. मी जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले, की आठ सूचनांपैकी आठही तुम्ही मोडल्यात, मी लिहिलेला कागद तरी वाचलात का? बाबा शांतपणे म्हणाले, “कागद उत्तम होता.” म्हणजे? “जाड, पण दुमडताना तडकत नव्हता. पाच वह्यांच्या कण्याला आतून लावला. तुझ्याकडे आणखी आहेत का?” मी म्हटलं, बाबा, वाचायचा होता तो. त्यावर ते म्हणाले, “बाइंडरने वाचायचं नसतं, पोरी. मी वाचत बसलो असतो तर तू कधी पदवीधर झाली नसतीस.”

मग मी तो प्रश्न पुन्हा विचारला. वही समोर नव्हती, पेन नव्हतं. ते छताकडे बघत म्हणाले, “नऊ.” आणि परवा? “नऊच.” मग दोन का सांगितलंत? उत्तर आईने दिलं. म्हणाली, तुझी ती रेघ छान उतरत होती, भिंतीवर लावलेली, सरांच्या तोंडी तुझं नाव होतं, त्यात ह्यांचे आकडे कुठे मध्येच वर चढवायचे? आत्या, मी तिथेच फर्म्यांच्या ढिगावर बसले. माझ्या बाबांनी नऊ दिवस नऊ आकड्याचं दुखणं पोटावर शब्दकोश ठेवून सोसलं, माझी रेघ खाली यावी म्हणून. आणि मी रोज सकाळी त्यांच्यासमोर उभी राहून, पेन उघडून, हसऱ्या तोंडाने त्यांचं खोटं लिहून घेत होते.

संध्याकाळी त्यांना सरांकडे नेलं. पुढे बाबा, मागे मी, आणि दोघांच्या मध्ये आई, कारण मी बाबांशी बोलत नव्हते आणि बाबा सरांशी काय बोलायचं याची तयारी करत होते. सरांनी पोट तपासलं. बाहेरचं पुरळ जाईल म्हणाले. आत सूज आहे. ते नुसतं साचलेलं पाणी असेल, नाहीतर जाळी सरकली असेल. आत्ता सांगता येत नाही. पाच आठवड्यांनी पुन्हा बघायचं. सरकली असेल तर पुन्हा ऑपरेशन, आणि या वेळी दुर्बीण नाही, सरळ पोट उघडून. तोवर वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, शिकंज्याला हात लावायचा नाही. सरांनी हे तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा माझ्याकडे बघून सांगितलं. बाबांनी मान हलवली. (तीच मान.) मी त्या रात्री अख्खा पॅच, न कापता, योग्य जागी, माझ्या हाताने लावला. सकाळी बाबा म्हणाले, “सात.” नवावरून सात! आयुष्यात मला मिळालेले सगळे गुण एका बाजूला आणि हा सात एका बाजूला. पण हा आनंद चोवीसच तास टिकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ‘दोन’ म्हणून मोकळे झाले.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती न सुचती तर बरं झालं असतं. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघून आकडा कमी केला. मग बाकीच्या तीनशे अकरा माणसांनी काय केलं असेल? मी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या सव्वीस वर्षं तिथे आहेत. त्या सलाइनची बाटली लावता लावता म्हणाल्या, “तुला बघून नऊ कोण सांगेल, बाई? तू पेन घेऊन उभी राहतेस तेव्हा तुझं तोंड निकालाच्या दिवशीच्या पोरीसारखं असतं. माणसं पास करतात तुला.” दीड वर्ष हे त्यांना माहीत होतं. आधी का नाही सांगितलंत? “तू विचारलं नाहीस. तू दुखणाऱ्यांनाच विचारत होतीस.”

मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वडिलांचे आकडे काढून टाक, बाकी राहू दे. मी म्हटलं, बाकीही तसेच असतील. मग मीच एक पत्र्याची पेटी आणली, झाकणाला फट पाडली, आणि रुग्णांना चिठ्ठीवर आकडा लिहून, कोणी बघत नसताना टाकायला सांगितलं. आठवड्याभरात सगळ्यांचं दुखणं वाढलं. पॅच तेच, भोकं तीच, पण ज्यांचे पूर्वी तीन-चार यायचे त्यांचे पाच-सहा यायला लागले. पॅचने आराम पडतो, हे त्यातूनही दिसतंच. फक्त मी लिहिलं होतं तेवढा पडत नाही. भिंतीवरची रेघ मीच काढली. सभेतली माझी चार मिनिटं गेली. सर रागावले नाहीत, रागावले असते तर परवडलं असतं. ते फक्त ‘हं’ म्हणाले, आणि सरांचा एक ‘हं’ आमच्या विभागात तीन दिवस पुरतो. आईने गल्लीत सभा पुढे ढकलल्याचं सांगितलं आहे. कुठपर्यंत, ते सांगितलेलं नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मूळ गोष्ट जागच्या जागी आहे : बाबांचं पोट. दुकानात एका कारखान्याच्या चारशे हजेरीवह्यांचं काम पडलेलं आहे. फर्म्यांचे ढीग टेबलाखाली, खिडकीत, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी. बाबा मला सांगतात की मी हात लावत नाही. पण रोज संध्याकाळी त्यांच्या नखांत ताजी खळ असते. विचारलं तर म्हणतात, जुनी आहे. आत्या, खळ जुनी असली की पांढरी पडून पापुद्रे निघतात, हे मला चौथीत असताना त्यांनीच शिकवलं. आईला विचारलं तर ती दोऱ्याला मेण लावायला लागते. तिने पस्तीस वर्षांत त्यांना ‘नको’ म्हटलेलं नाही, ती आता कुठून सुरुवात करणार? परवा शिकंज्यात चाळीस वह्या दाबलेल्या होत्या. त्या काही चालत जाऊन आत बसल्या नसतील. दांडा फिरवताना आतली जाळी सुटली तर पुढचं सगळं मला डोळ्यांसमोर दिसतं, कारण मी ते रोज बघते. फक्त खाटेवर दुसरी माणसं असतात.

मी समजावून बघितलं. साध्या भाषेत. चित्र काढून. काम दुसऱ्याला देऊ या, असं एकदा नुसतं तोंडातून गेलं तर बाबा असे बघायला लागले की मी वाक्य गिळलं. या दुकानातून हाती घेतलेलं काम अडतीस वर्षांत अर्धवट बाहेर गेलेलं नाही, आणि मी त्यांची मुलगी असताना ते जाणार नाही. तो विचार मी मनातून काढून टाकला आहे.

तेव्हा तू उगीच काळजी करत बसू नकोस. आपल्या हातात काही नाही. गुडघ्यांना जप, आणि जिना उतरताना कठड्याला धर. आईचा नमस्कार, बाबांचा ‘मजेत आहे म्हणून कळव’ हा निरोप (तो मी जसाच्या तसा कळवते, त्याची हमी घेत नाही), आणि माझं डोकं तुझ्या पायावर, कमी दुखणाऱ्या.

तुझी,
बावळट भाची

ता. क. : पत्र आईला वाचून दाखवलं. तिच्या मते यात पुष्कळ चुका आहेत. वजन रोज ठेवत नव्हते, एक दिवसाआड ठेवत होते. दुसरा खंड फक्त शेवटच्या तीन दिवसांत चढवला, तोही तिच्या सांगण्यावरून, कारण एकाच खंडाने पुठ्ठा एका बाजूला कलत होता. तिने हे अशा आवाजात सांगितलं की जणू मी तिला त्या कामातून वगळून तिच्यावर अन्याय केला आहे.

ता. क. दुसरा : वर ‘काळजी करू नकोस’ लिहिलं आहे ते खोडायचं होतं, पण कागद छान आहे आणि खाडाखोड केलेली बाबांना खपत नाही. खरं असं आहे की तू ये. सर पुन्हा पोट बघेपर्यंत राहायला ये. बाबा लहानपणी एकदा पुस्तकाला कव्हर उलटं चिकटवून ‘मुद्दामच तसं ठेवलंय’ म्हणाले होते, आणि तू घडी दाबायची हाडाची पट्टी हातात घेऊन नुसती त्यांच्याकडे बघत बसली होतीस, तासाभराने ते रडून खरं बोलले, ही गोष्ट ते अजून सांगतात. तुझ्या तोंडाकडे बघून कोणाला तुला पास करावंसं वाटत नाही. (हे मी अत्यंत आदराने लिहिते आहे.) रोज सकाळी त्यांना आकडा तू विचार. मी विचारणं आजपासून बंद केलं आहे. पॅच मी लावीन, अख्खा.

ता. क. तिसरा : हे पत्र पाकिटात घालून दोन दिवस झाले होते, परत उघडलं. तू लवकर यायला हवंस. हे तुझ्या हाती पडेल तोवर बाबांना कळलेलं असेल, आणि मोकळ्या दुकानात बसलेले बाबा आम्हा दोघींच्याने आवरणार नाहीत. समोरच्या रांगेत एक बाइंडर आहे. बाबा त्याला डिंक्या म्हणतात, कारण तो खळ शिजवत नाही, बाटलीतला डिंक वापरतो, आणि याहून मोठी शिवी बाबांकडे नाही. आज दुपारी बाबा झोपले तेव्हा आईने काही न बोलता दार उघडून धरलं, आणि मी ते चारशे वह्यांचं सगळं काम, बांधलेलं, अर्धं बांधलेलं आणि कोरं, हातगाडीवर घालून डिंक्याकडे देऊन आले. दोन खेपा लागल्या.